वळू मागून बघा: खिल्लार गाईंसाठी पैदाशीचा वळू कसा पारखावा

यात्रेत वळू बघायला माणसं जमतात ती त्याच्या तोंडापुढे. शिंगांची ठेवण, कपाळ, वशिंड, रंग. मालक कासरा ताणतो, वळू मान वर करतो आणि निम्मा सौदा तिथंच ठरतो. मीही असाच एक वळू घेतला होता. कोसा रंग, चिमटीत न येणारी घट्ट कातडी, चाल अशी की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. पौषात घरी आणला. फाल्गुनापर्यंत अकरा गाई दाखवल्या. वैशाखापर्यंत त्यातल्या आठ उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, काही दोनदा, काही तीनदा.

आधी आम्ही गाईंनाच दोष दिला. क्षार कमी पडले असतील, ऊन जास्त झालं असेल. शेवटी पशुवैद्य डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वळूला खोड्यात, म्हणजे जनावर जखडून उभं करायच्या चौकटीत घ्यायला लावलं, मागून हात लावला आणि मला म्हणाले, "इकडं या. हे डावं आंड दाबून बघा." दगडासारखं लागलं. उजव्यापेक्षा लहानही होतं. चार महिने मी त्या जनावराला धूत होतो, खरारा करत होतो, पण तिथं माझा हात कधी गेला नव्हता. वर्षभर आधी त्याला लम्पी होऊन गेला होता, हे नंतर कळलं. मानेवरचे दोन वण मी पाहिले होते, पण ते दोरीचे म्हणून मला सांगितले होते आणि मी मान डोलावली होती.

त्या वर्षानंतर वळू बघायची माझी रीतच बदलली. ती इथं क्रमानं सांगतो. मी खिल्लार पाळतो म्हणून उदाहरणं खिल्लारची आहेत, पण देवणी, लाल कंधारी, डांगी कुठल्याही कळपाला ही पारख लागू पडते.

अर्धवट वळू जास्त बुडवतो

पूर्ण नापीक वळू लवकर उघडा पडतो, कारण एकही गाय थांबत नाही. ज्याच्यापासून काही गाई गाभण राहतात आणि काही उलटतात, तो वळू वर्षभर आपल्याला फसवत राहतो. हिशेब करून बघा. तीस गाई आहेत आणि प्रत्येकीला तीन माजांची संधी मिळते. वळू चांगला असेल आणि दर माजाला शंभरातल्या साठ गाई थांबत असतील, तर पहिल्या माजात १८, उरलेल्या बारांतून ७, उरलेल्या पाचांतून ३, म्हणजे २८ गाई गाभण. वळू अर्धवट असेल आणि शंभरातल्या तीसच थांबत असतील, तर पहिल्यात ९, मग ६, मग चार-पाच. जेमतेम वीस. आठ वासरांचा फरक पडतो, आणि ज्या थांबल्या त्यांतल्याही कित्येक २१ किंवा ४२ दिवस उशिरा. गाईचं एखादं दुखणं त्या एका गाईपुरतं असतं. वळूचं दुखणं सगळ्या दावणीला लागतं.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी गाईंचे मोठे कळप पाळतात. तिथले जाणते पशुपालक फळवण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक वळूची प्रजननक्षमता तपासून घेतात आणि मगच तो कळपात सोडतात. त्यांचं उद्दिष्ट वेगळं, जनावर वेगळं, पण तपासणी आपल्याला जशीच्या तशी घेता येते. आपल्याकडे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ज्या वळूंपासून तयार होतात, त्यांच्या तर क्षयरोग, ब्रुसेलोसिस, जोन्स रोग, ट्रायकोमोनास, कॅम्पिलोबॅक्टर अशा तपासण्या ठरलेल्या असतात. गावच्या वळूची मात्र यांपैकी एकही होत नाही.

आधी आपली दावण बघा

वळू शोधायला निघण्यापूर्वी आपल्या गाईंचे दोष वहीत लिहून काढा. मागचे पाय कमजोर आहेत का, वासराला दूध कमी पडतं का, स्वभाव मारका आहे का. सगळ्या गुणांचा एक वळू मिळत नाही. आपल्या दोन मोठ्या दोषांवर उतारा ठरेल असा शोधायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. वळूच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात, पुढं ते परिपक्व होऊन बाहेर पडायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे आज जे वीर्य मिळतं, त्याची पेरणी दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. मधल्या काळात वळूला ताप आला असेल, उन्हाचा तडाखा बसला असेल किंवा तो लांबचा प्रवास करून उपाशी राहिला असेल, तर त्याचा परिणाम आज दिसतो आणि आजचा परिणाम पुढं दोन महिने दिसत राहतो. म्हणून तुमच्या गाई ज्या महिन्यांत जास्त माजावर येतात, त्याच्या अडीच-तीन महिने आधी वळू दारात हवा.

आईच्या गोठ्यावर जा

बाजारातल्या वळूचा बाप कोण हे सगळे सांगतात. बापाचं नाव शर्यतीत गाजलेलं असेल तर फारच जोरात सांगतात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवला आणि पळणाऱ्या रक्ताला पुन्हा मागणी आली. त्याचा आनंद मलाही आहे, कारण खिल्लार टिकायला त्यानं हातभार लागला. पण पळणं वेगळं आणि पैदास वेगळी. वेगवान खोंड चांगला वळू असेलच असं नाही.

आई मात्र बघितल्याशिवाय पैसे काढू नका. खरसुंडी, पुसेगाव, म्हसवड किंवा सांगोल्याच्या बाजारात खोंड आवडला, तर मालकाला विचारा, "ह्याची आई दावणीला हाय का? उद्या बघायला येतो." तिथं गेल्यावर चार गोष्टी विचारायच्या. पहिलं वेत कितव्या वर्षी झालं, वेतावेतातलं अंतर किती, वासराला पाजून किती दूध उरतं, आणि किती वासरं जगली. कासेची ठेवण आणि सडांचा आकार स्वतः बघायचा. वळूला कास नसते, पण त्याच्या कालवडींना कासेचे गुण तोही देतो, आणि त्यातले निम्मे त्याला आईकडून आलेले असतात. त्याच बापाची गावात आणखी पाच-सहा वासरं असतील तर तीही बघून घ्या. एका खोंडापेक्षा सहा भावंडं जास्त खरं बोलतात.

आणि नातं तपासा. बाप-लेकीच्या संबंधातून जन्मलेल्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के येतं, सावत्र बहीण-भावाच्या संबंधातून १२.५ टक्के. वाढ खुंटलेली, मरतुकडी, उशिरा माजावर येणारी वासरं यातून वाढतात. आपल्या भागात एखादा नावाजलेला वळू दहा-दहा गावांना पुरवला जातो, त्यामुळं आपल्या गाई आणि नवा खोंड एकाच बापाचे निघणं अगदी शक्य आहे.

दात, वजन, अंग

आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला खोंड स्वस्त मिळतो, पण त्याच्यावर भार टाकता येत नाही. देशी जनावराला पहिले दोन कायमचे दात दोन ते अडीच वर्षांच्या आसपास येतात. दुसा (दोन दाती) झालेला, पण चौसा (चार दाती) न झालेला खोंड मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पुढं त्याची पाच-सहा वर्षं हातात असतात आणि लैंगिक रोग लागायची संधी त्याला फारशी मिळालेली नसते.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून मोजायचा, लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, दोन्ही इंचांत. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. घेर ६६ आणि लांबी ५२ असेल तर वजन साधारण ३४३ किलो येतं. अंदाजच आहे, पण दोन खोंडांची तुलना करायला पुरतो.

यात्रेसाठी खाऊ घालून गुटगुटीत केलेला वळू बघितला की मी आता सावध होतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या किंचित जाणवाव्यात, इतकंच मांस हवं. चरबी वृषणाच्या देठाभोवतीही साठते आणि त्याचं काय होतं ते पुढं येईलच.

चालवून बघा

वळू उभा असताना बघणं पुरेसं नाही. कासरा सैल सोडून कडक जमिनीवर पंचवीस पावलं चालवा, मग नांगरटीत चालवा. बाजूनं बघा: मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो का? पाऊल आखूड पडत असेल तर कुठंतरी दुखतंय. मागून बघा: दोन्ही पाय सरळ रेषेत जातात की गुडघे एकमेकांना घासतात?

गाईवर चढताना वळूचं सगळं ओझं मागच्या दोन पायांवर येतं. म्हणून मागच्या पायाचा मधला सांधा फार सरळ, खांबासारखा असेल तर तो सांधा लवकर सुजतो. विळ्यासारखा फार वाकलेला असेल तर ताण खुरांच्या टाचेवर येतो. दोन्ही नकोत. खुरं काळी, कठीण, दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या हव्यात. डोळ्यात सारा, पांढुरका डाग किंवा सतत पाणी असेल तर विचार करा, कारण रानात माजावरची गाय वळू आधी डोळ्यानं ओळखतो.

आता मागून

यासाठी खोडा लागतोच. खोड्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, मालक कितीही म्हणाला की "गरीब हाय, काय करत न्हाई".

मागं उभं राहून आधी नुसतं बघा. दोन्ही वृषण सारख्या आकाराची, सरळ खाली लोंबणारी, वरती स्पष्ट देठ असलेली हवीत. भोपळ्यासारखा आकार चांगला, वर निमुळता आणि खाली भरलेला. देठ दिसत नसेल, पिशवी पोटाला चिकटल्यासारखी किंवा वरपासून खालपर्यंत सारखी जाड असेल, तर तिथं चरबी आहे किंवा ठेवणच चुकीची आहे. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश सेल्सिअसनं थंड राहावं लागतं. म्हणून तर ते बाहेर लोंबतं, उन्हाळ्यात सैल होतं आणि थंडीत वर ओढलं जातं. चरबीनं हा गारवा जातो आणि शुक्राणू वाकड्या-तुटक्या आकाराचे तयार होतात.

मग हात. पशुवैद्य करतात ते बघून शिका आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करा. हात गरम करून घ्या, थंड हातानं वळू वृषण वर ओढतो. दोन्ही वृषण हलकेच खाली घ्या आणि एकेक दाबून बघा. बरोबर लागतं ते पाडाच्या आंब्यासारखं: घट्ट, पण बोटाखाली किंचित दबणारं आणि बोट काढलं की परत भरणारं. पिकून गेलेल्या आंब्यासारखं मऊ लागलं तर वृषण झिजत चाललंय. दगडासारखं लागलं तर आतून सूज येऊन गेलेली आहे, माझ्या वळूचं हेच झालं होतं. गरम लागलं, वळूनं दुखल्यासारखं अंग चोरलं, तर सूज आत्ता चालू आहे. दोन्ही वृषणं पिशवीत स्वतंत्र, मोकळी सरकायला हवीत. खालच्या टोकाला मोठ्या सुपारीएवढा एक उंचवटा लागतो, तिथं तयार शुक्राणू साठतात. तो दोन्हीकडे सारखा आणि भरलेला असावा.

त्यानंतर घेर. दोन्ही वृषण खाली आणून देठ एका हातानं धरायचा, अंगठा आणि बोटं बाजूला, मध्ये नाही. मध्ये घातली तर दोन वृषणं फाकतात आणि माप खोटं मोठं येतं. सर्वात रुंद भागाभोवती टेप लावायचा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या जुन्या मापदंडात दोन वर्षांपुढच्या वळूला किमान ३४ सेंटिमीटर लागतात. ते विदेशी, लवकर वयात येणाऱ्या जातींचं माप आहे. आपल्या खोंडाला त्या पट्टीनं नापास करू नका. त्याच वयाचे, त्याच खुराकावरचे तीन-चार खिल्लार खोंड मोजा आणि सर्वात लहान मापाचा बाजूला काढा. घेर मोठा असणं हा आनुवंशिक गुण आहे, आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येतात असं वारंवार दिसून आलंय. आमच्याकडे कालवड पहिल्यांदा गाभण राहायला तीन-तीन वर्षं जातात, त्यामुळं माझ्या मते टेपच्या या एका मापाला शिंगांच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त किंमत आहे.

पोटाखालची लिंगावरची पिशवी घट्ट असावी. ती लोंबत असेल तर काट्याकुट्यात फाटते, आतलं अस्तर बाहेर येतं, जखमा होतात. तिथल्या केसांना पू किंवा रक्त चिकटलेलं नाही ना, हे वाकून बघा.

वीर्य आणि रक्त

बाहेरून सगळं ठीक असूनही वीर्य खराब असू शकतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. सोय नसेल तर शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. दीर्घ विश्रांतीनंतरच्या पहिल्या वीर्यात साठून मेलेले शुक्राणू जास्त असतात, तेव्हा पहिल्याच नमुन्यावर वळू नापास करू नका, दुसरा घ्यायला सांगा.

मला डॉक्टरांनी एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. चांगल्या वीर्याचा थेंब म्हणजे वळवाच्या आधीचं आभाळ, ढग एकमेकांत घुसतात, फिरतात, पुन्हा फुटतात. माझ्या त्या वळूच्या थेंबात काहीच घुसळत नव्हतं, नुसते ठिपके तरंगत होते. डोळ्यांना वीर्य पातळ साईसारखं दिसलं पाहिजे. ताकाच्या निवळीसारखं पाणीदार, लालसर किंवा गुठळ्या असलेलं नको. गावच्या वळूसाठी किमान अट अशी धरतात की शंभरातले तीस शुक्राणू सरळ पुढं पोहणारे आणि सत्तर नीट आकाराचे असावेत. नमुना थोडक्यात हुकला आणि वळू तरुण असेल, किंवा नुकताच आजारातून उठला असेल, तर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. दोनदा हुकला तर सोडून द्या.

रक्ताची ब्रुसेलोसिसची तपासणी कुठल्याही परिस्थितीत टाळू नका. हा रोग गाईंत सातव्या-आठव्या महिन्यात गाभ पाडतो, वळूत वृषणाला सूज आणतो आणि माणसालाही होतो, महिनोन् महिने येणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन. लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, नराला देत नाहीत. म्हणजे वळूच्या बाबतीत रक्ततपासणीशिवाय दुसरी खात्री नाही. क्षयरोगाची कातडीत टोचून करायची तपासणी ७२ तासांनी वाचतात, तेव्हा डॉक्टरांना दोन फेऱ्या कराव्या लागतात हे आधीच धरून चला.

ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन रोग आणखी फसवे. वळूला काहीही होत नाही, तो खातो, चढतो, धष्टपुष्ट दिसतो, आणि एका गाईकडून दुसऱ्या गाईला रोग देत राहतो. गाई २१ दिवसांनी न उलटता दीड-दोन महिन्यांनी उलटू लागल्या, तर हा संशय घ्यायचा. लिंगावरच्या पिशवीचं धुवण तपासून हे कळतं, आणि ट्रायकोमोनाससाठी आठवड्याच्या अंतरानं तीन नमुने लागतात. गावोगाव फिरलेला जुना वळू घेणार असाल तर हे कराच.

लम्पी, लाळ्या खुरकूत, फऱ्या, घटसर्प यांपैकी काही झालं होतं का आणि लसी कधी दिल्या, हे थेट विचारा. लम्पीतून उठलेल्या वळूच्या वीर्यात काही आठवडे विषाणू राहू शकतो. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक टिपून घ्या आणि त्यावर लसीकरणाच्या काय नोंदी आहेत ते दवाखान्यात विचारा.

माजावरच्या गाईपुढं

शेवटची परीक्षा हीच. माजावरची गाय बांधा आणि वळूला मोकळा कासरा द्या. तो हुंगतो का, वरचा ओठ उचलून वास घेतो का, किती वेळात चढतो, आणि मुख्य म्हणजे नुसता चढतो की काम पूर्ण करतो? लिंग एका बाजूला वाकतं का, त्यावर चामखीळ आहे का, हेही त्याच वेळी दिसतं. देशी वळू बुजरा असतो. भोवती वीस माणसं आणि मोबाइल असतील तर तो चढणार नाही. दोन माणसं थांबा, बाकीच्यांना लांब पाठवा.

स्वभाव इथंच कळतो. खिल्लार तडफदार असायचाच. पण खुराकाच्या पाटीपाशी डोकं खाली घालून अंगावर येणारा वळू मी घेत नाही, कारण तो गुण वासरांत उतरतो आणि आमच्याकडे गोठ्यात बायका-पोरं काम करतात.

सौदा आणि पहिले तीन महिने

चिठ्ठी करा. निम्मे पैसे आत्ता, निम्मे गाभण तपासणीनंतर. चांगल्या वळूचा मालक याला तयार होतो. मला आजवर दोघं झाले आणि एक नाही झाला. घरी आणल्यावर महिनाभर वेगळा बांधा, वेगळी पाटी, वेगळं पाणी.

मग एकदम तीस गाई दाखवू नका. पहिल्या आठ गाई दाखवा आणि वहीत चार रकाने करा: गाय, तारीख, १८ ते २४ दिवसांत उलटली का, अडीच-तीन महिन्यांनी गाभण निघाली का. आठपैकी चारपेक्षा जास्त उलटल्या तर थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. दुसा वळूला पहिल्या वर्षी दहा-पंधरा गाई पुरेत. पुढं तयार वळू पंचवीस-तीस गाई सांभाळतो, आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त मात्र दाखवू नयेत.

एक गोष्ट गावानं मिळून करण्यासारखी आहे. आपल्याकडे खोंड बडवायची, म्हणजे खच्ची करायची घाई होते आणि कित्येकदा सगळ्यात उमदा खोंडच आधी बडवला जातो, कारण त्यालाच बैल म्हणून किंमत येते. बडवण्याआधी प्रत्येक दुसा खोंडाचा घेर एकदा मोजून वहीत लिहावा. आमच्या वस्तीवर गेल्या दोन वर्षांत नऊ खोंड मोजले आणि त्यातले दोन राखले.

आमचा आत्ताचा वळू आमच्याकडे येऊन येत्या कार्तिकात तीन वर्षं होतील. त्याची पहिली कालवड आता माजावर यायच्या वयाला आलीय, म्हणजे त्याला इथून हलवायची वेळ झाली. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गोठ्याशी बोलणं झालंय, त्यांचा वळू इकडं आणि आमचा तिकडं. त्यांनी आमच्या वळूचा ब्रुसेलाचा कागद मागितला, आम्ही त्यांच्या वळूचा. दोन्ही नमुने गेल्या सोमवारी प्रयोगशाळेत गेलेत.